माझं इष्टलिंग कुठलं

आमच्या घरात सकाळी भाकरी थापायला बसण्याआधी एक काम असे. अंघोळ करून, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून आम्ही दोघी, मी आणि माझी सासू, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घोंगडी टाकून बसायचो. गळ्यातली चांदीची डबी उघडायची. आमच्यात तिला करडगी म्हणतात. तिच्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाण्याची धार सोडायची, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि थोडा वेळ नुसतं बघत बसायचं. हे झाल्याशिवाय पोटात पाण्याचा घोट नाही. देव गळ्यातच असल्यामुळे एखाद्या सोमवारी देवळात जाणं राहिलं तरी मनाला फारसं लागत नसे.

यात काय मोठंसं, लिंगायताच्या घरोघरी हेच चालतं, असं कुणीही म्हणेल. खरं आहे. पण माझी अडचण निराळी आहे. गेली कित्येक वर्षं मी रोज सकाळी ज्याला पाणी घालते, ते लिंग माझं आहे की दुसऱ्या कुणाचं, हेच मला ठाऊक नाही. विचार करून डोकं शिणलं. शेवटी म्हटलं, लिहून तरी बघावं, लिहिता लिहिता उलगडलं तर उलगडलं.

माझं माहेर मैंदर्गीचं. घरात कानडी, बाजारात मराठी. मी तीन वर्षांची असताना आई गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही, कितीही डोळे मिटून बसले तरी आठवत नाही. फोटो काढायची ऐपतही नव्हती आणि रीतही नव्हती. लुगडी नातेवाइकांत वाटली गेली. मला मावशीनं वाढवलं. ती सांगायची, "तू जन्मलीस तवा स्वामींनी तुझ्या गळ्यात लिंग बांधलं, पण तुझं तुला कळंपर्यंत त्याची पूजा तुझ्या आईनंच केली. आदी तुला न्हाऊ घालायची, मग त्याला." आईचा हात लागलेली एवढी एकच वस्तू माझ्याजवळ होती. लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा ट्रंकेत चार लुगडी होती आणि गळ्यात आई होती. निदान मी तरी तसंच धरून चालले होते.

तो काळ एकोणीसशे पंचवीस-तीसच्या मधला. आमच्या दोन खोल्या, पुढं लहानसं अंगण, शेजारी तेलुगू विणकरांची घरं. त्यांच्या मागांची खटखट दिवसभर चालायची आणि मिलचा भोंगा झाला की गल्लीतले सगळे आपापल्या कामाला पळायचे. आमचे हे एका कापडाच्या दुकानात नोकरीला होते. सकाळी भाकरी बांधून घेऊन जात ते दिवेलागणीला परत. सासरे आधीच वारलेले. म्हणजे दिवसभर घरात मी आणि सासू. तिला मी अत्ती म्हणायचे, कानडीत सासूला म्हणतात तसं.

अत्तीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला उजेड-अंधार कळायचा, माणसांच्या आकृत्या कळायच्या, बस. पण नाक आणि जीभ दोन्ही तिखट. मी चुलीपुढं बसलेली असायची आणि ती अंगणातून ओरडायची, "करपली की गं! आमाला जेवू घालतीस का चुलीला?" मीही काही कमी नव्हते. "तुमाला दिसत न्हाय ते बरंच हाय" असं म्हणून मोकळी व्हायचे. मग ती हसायची, मी हसायचे, आणि करपलेली भाकरी ती स्वतःच्या ताटात ओढून घ्यायची. उखळात शेंगदाण्याची चटणी कुटायचं काम मात्र तिनं कधी मला करू दिलं नाही. कुटताना तेल कधी सुटतं ते म्हणे हाताला कळावं लागतं. ते दिवस साधेच होते, पण त्यांच्याइतकं सुख मला पुढं कधी लागलं नाही, आणि तेव्हा ते सुख आहे हे मला कळलंही नाही.

आता चुकीकडं येते. संक्रांत तोंडावर आली होती. सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, गल्लीगल्लीत सडे-रांगोळ्या. सणाआधी करडग्या चिंचेनं आणि राखेनं घासून लखलखीत करायच्या असतात. यात एक नियम असतो आणि तो मला मावशीनं लहानपणीच शिकवला होता. लिंग अंगावेगळं करायचं नसतं. म्हणून एकाची करडगी घासायची तेवढ्या वेळ त्याचं लिंग फडक्यात बांधून त्याच्याच गळ्यात ठेवायचं, ते काम पुरं करायचं आणि मगच दुसऱ्याचं हातात घ्यायचं. पण त्या दिवशी रस्त्यावरून नंदीध्वजांची मिरवणूक यायची होती, शेजारच्या बायका दारातून हाका मारत होत्या, आणि मी तेव्हा सोळा वर्षांची. मला घाई झाली. अत्ती उन्हाला पाठ देऊन बसली होती. तिला काय दिसणार? मी तिची आणि माझी अशा दोन्ही करडग्या एकदमच उघडल्या आणि दोन्ही लिंगं पितळेच्या एका ताटात बेलाच्या पानांवर ठेवली. माझं उजवीकडं, तिचं डावीकडं, असं मनात दोनदा म्हणून घेतलं.

घासताना राखेचं पाणी उडायला लागलं म्हणून ताट उचलून मागं ठेवलं. करडग्या धुतल्या, पुसल्या आणि वळले. तिथंच हात थबकला. गोल ताटाला डावं कुठलं आणि उजवं कुठलं? उचलून ठेवताना ते फिरलं होतं की नव्हतं? दोन्ही लिंगं काळीभोर, दोन्ही सारख्याच आकाराची. मी दोन्ही हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. बाहेरून हाका चालूच होत्या. शेवटी अंदाजानं एक माझ्या करडगीत घातलं, दुसरं अत्तीच्या, आणि तिच्या गळ्यात दोरा अडकवून दारात पळाले. मिरवणूक समोरून गेली. मी काय पाहिलं ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसलो. अत्तीला दिसत नसे म्हणून ती लिंगावरून अंगठा फिरवत बसायची. मी तिच्या अंगठ्याकडं बघत होते. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरला की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. मग ती म्हणाली, "पानी घाल की, काय बगतीस?" मी पाणी घातलं. म्हटलं, चला, बरोबर जागी पडली असणार. दुपारपर्यंत तसं वाटलं. संध्याकाळी पुन्हा वाटेनासं झालं.

सांगून टाकायचं होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण सांगितलं असतं तर गोष्ट स्वामींपर्यंत गेली असती. स्वामींनी दोन्ही लिंगं पाण्यात सोडायला लावून आम्हांला नवी दिली असती. म्हणजे आईचा हात लागलेलं माझं लिंग असेल तिथून जाणार ते नक्की. न सांगितलं तर ते घरात तरी राहणार होतं, माझ्या गळ्यात नाहीतर अत्तीच्या. म्हणून मी तोंड मिटून बसले.

पण मन कुठलं गप्प बसतं! रोज सकाळी तळहाताकडं बघत असताना नको ते विचार यायचे. हे अत्तीचं असेल तर मी अव्वा, म्हणजे आई, म्हणून हाक मारते ती कुणाला? माझी पूजा तिला पोचत असेल तर ती माझ्यावर एवढी खेकसते का? आणि माझं तिच्याकडं असेल तर मी आजारी पडले की तिला कळत कसं नाही? एकदा तर मी चिडून तिला विनाकारण बोलले, आणि मग माझ्याच लिंगाला बोलले की काय म्हणून घाबरून रात्री जेवले नाही. अत्तीनं विचारलं, "काय खुळी झालीस का?" झालेच होते, पण ते तिला कसं सांगणार?

अशी सात वर्षं गेली. सातव्या उन्हाळ्यात अत्ती अंथरुणाला खिळली. सोलापूरचा उन्हाळा धडधाकट माणसाला सोसत नाही, तिथं तिची काय कथा? अंगावर ओलं फडकं ठेवायचे, पेज पाजायचे. आणि एका दुपारी पंख्यानं वारा घालता घालता माझ्या डोक्यात लख्खकन आलं की आता वेळ राहिलेला नाही. आमच्यात माणूस गेलं की बसवून पुरतात, आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून त्याच्यासोबत मातीत देतात. चांदीची करडगी घरात राहते, लिंग तेवढं जातं. अत्तीच्या गळ्यात माझं असेल तर माझी आई तिच्याबरोबर जाणार होती.

मी पंखा खाली ठेवला. म्हटलं, "अत्ती, एक सांगायचंय. तुमी रागवाल."

"रागवायला अंगात जोर कुटं हाय? बोल."

मी सगळं सांगितलं. मिरवणूक, ताट, अंदाजानं घातलेलं लिंग, सात वर्षांची तगमग. तिनं कपाळावरचं ओलं फडकं बाजूला सारलं. मग डोळे न उघडताच म्हणाली, "मला ठावं हाय की."

"कवापासनं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळपासनं. माज्या लिंगाला तळाशी बारीक टवका हाय. अंगठ्याला रोज लागायचा. त्या दिवशी लागला न्हाय."

मला जो राग आला तो आला. समोर मरणाला टेकलेलं माणूस आहे हेही विसरले. "मग बोलला का न्हाय? सात वर्सं माजा जीव टांगून ठेवला तुमी!"

"सुम्म बस," ती म्हणाली. गप्प बस म्हणायचं झालं की ती कानडीतच म्हणायची. मग थांबत थांबत बोलली, "तू नवी आलीस तवा झोपंत अव्वा, अव्वा करायचीस. मला ऐकू यायचं. त्या दिवशी लिंग हातात आलं तवा म्हनलं, ऱ्हाऊ दे माज्याकडं. आई गेल्यापासनं त्याला आईच्या हाताचं पानी मिळालं न्हाय. मी घालते की."

रडू आलं, आणि राग गेला नव्हता तोही तसाच होता. तिनं गळ्याशी चाचपून स्वतःची करडगी मला उघडायला लावली. "आता काड तुजं. बदल कर. तुला मातीत कशी नेऊ मी?"

मी दोन्ही लिंगं काढली. या वेळी ताटात नाही, एक एका हातात, दुसरं दुसऱ्या. आणि तिच्या हातावर ठेवण्याआधी मला मोह झाला. माझ्या गळ्यातल्या लिंगाच्या तळावरून मी अंगठा फिरवला. ते तिचं, म्हणजे टवका त्यालाच असायला हवा. अंगठ्याला काही लागलं नाही. पुन्हा फिरवला. गुळगुळीत. दुसऱ्यावर फिरवला. तेही गुळगुळीत.

ती हात पसरून वाट बघत होती. टवका झिजून गेला असेल का? की तिच्या इतक्या वर्षांच्या अंगठ्याला जे कळत होतं ते माझ्या अंगठ्याला कळत नव्हतं? की टवका कधी नव्हताच, तिला काही ठाऊकच नव्हतं, आणि माझी तगमग ऐकून तिनं तिथल्या तिथं हे रचलं? तसं असेल तर त्या संक्रांतीला मी कदाचित बरोबरच घातलं होतं, आणि आता माझ्याच हातानं आईचं तिला देत होते. विचारायला तोंड उघडलं. पण तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला विचारवेना. माझ्या गळ्यातलं होतं ते मी तिच्या हातावर ठेवलं, तिच्याकडचं माझ्या करडगीत घातलं. तिनं मूठ मिटली.

चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. तिला अंघोळ घालून, भस्म लावून भिंतीशी बसवलं. गल्लीतल्या बायका, आमचे हे, चार पाहुणे, सगळे भोवती उभे. स्वामींनी तिच्या गळ्यातली करडगी उघडली, ती माझ्या ओच्यात टाकली, आणि लिंग तिच्या तळहातावर ठेवता ठेवता थांबून मला विचारलं, कारण पूजेचं सगळं मीच बघत होते, "हे यांचंच न्हवं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आईचं राहावं म्हणून सात वर्षं जीव जाळला होता, आणि ते हाताबाहेर जाण्याआधी बोलायची ती शेवटची संधी होती. मी अत्तीच्या त्या हाताकडं पाहिलं. चटणी कुटून घट्टे पडलेला अंगठा बेलाच्या पानावर टेकला होता. तेव्हा मला एकदम कळलं की माझ्या गळ्यात आता आईचं राहावं असं मला वाटतच नाही. ज्या आईचा चेहरा आठवत नाही तिचं नको, हिचं राहू दे. ही आईशी बेइमानी होती की काय, मला आजही सांगता येत नाही. मी "व्हय, त्यांचंच" म्हणाले, आणि तोंडातून शब्द जात असताना मनात म्हणत होते, नसू दे, देवा, त्यांचं नसू दे.