लुसेआनेचा नकार

लुसेआने हापाई बेटांवरच्या एका बँकेत होती. कुणी कर्जासाठी धंद्याची योजना आणली, की ती चालेल की बुडेल हे प्रत्यक्ष जाऊन पाहायचं तिचं काम. या खेपेला योजना तिच्या माहेरची होती. समुद्रकाकड्या, म्हणजे समुद्राच्या तळाशी सरपटणारे काकडीच्या आकाराचे मऊ जीव, धरायच्या, वाळवायच्या आणि चिनी व्यापाऱ्यांना विकायच्या. पुढाकार तिच्या भाच्याचा, भावाच्या मुलाचा, मानासेचा.

"हे काम दुसऱ्या कुणाला द्या," ती साहेबांना म्हणाली. पण दुसरं कुणी नव्हतंच.

ती होडीतून खडकावर गेली. गावच्या पोरांनी बुड्या मारल्या आणि सगळी रिकाम्या हातांनी वर आली. उथळ पाणी केव्हाच ओरबाडून झालं होतं. माल उरला होता तो खोल, नळीतून हवा घेतल्याशिवाय उतरता येत नाही अशा जागी.

"कर्जातून हवेचा कॉम्प्रेसर घेऊ की," मानासे म्हणाला.

"खोलातून घाईने वर आलं की माणूस लुळा होतो, ठाऊक आहे ना?"

"तुम्ही हो म्हणा, आत्या. शिकू आम्ही."

"शिकवणार कोण इथे?"

तिने कर्जाला नकार दिला. गावाने तोंड फिरवलं. "आपलीच मुलगी, आणि आपल्याच पोरांच्या अन्नात माती कालवली," असं बायका चर्चबाहेर तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलल्या. भाऊ मान खाली घालून चर्चमध्ये शिरला. तिथल्या रीतीत भावाने बहिणीला उलटून बोलायचं नसतं.

आत्याचा शब्दही मोडायचा नसतो. पण मानासेची बायको पोटुशी होती, आणि एका व्यापाऱ्याने गंजका कॉम्प्रेसर उसना देऊ केला. मानासे उतरला. एका दुपारी यंत्र बंद पडलं, हवा तुटली, तो तडक वर आला. होडीत बसून हसला, सिगारेट मागितली. ती ओढून होईपर्यंत पाय गेले होते.

लुसेआनेने त्याला आपल्या घरी आणलं. पडून राहून पाठीवर झालेल्या जखमा ती स्वतः धुवायची. भावजय रोज यायची, म्हणायची, "तू हो म्हणाली असतीस, तर धड यंत्र तरी मिळालं असतं."

एकदा मानासेनेच विचारलं, "आत्या, चांगलं यंत्र असतं तर मी चालत असतो का?"

"माहीत नाही रे."

"पण काय चालेल, काय बुडेल हे सांगायचं, हेच तर तुमचं काम."

तिने त्याला कुशीवर वळवलं.

जखमा चिघळून तो गेला. मयताच्या उशाशी बसायचा मान आत्याचा, म्हणून ती बसली. सगळं गाव एकेक करून आलं, तिच्यापुढे मानाच्या विणलेल्या चटया ठेवून रीतीप्रमाणे वाकलं. तिच्या तोंडाकडे कुणी पाहिलं नाही.