दहा मीटर चालून दाखवा

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. आमच्या डिपार्टमेंटमध्ये नुसतं बसून राहिलं तरी ते साठत जातात, आणि आमच्याकडे बसण्याचंच काम जास्त! तसं मी किनेसिऑलॉजीत मास्टर्स करते. म्हणजे माणूस हलतो कसा, चालतो कसा, याचं शास्त्र.

हे मी इथेच भोपाळात, अशोका गार्डन भागात राहणाऱ्या आत्याला नीट समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाली, "म्हणजे मालिश!"

*

बाबांनी समजून घ्यायचा त्रासच घेतला नाही. राज्य सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेला माणूस. कॉलनीत कोणी विचारलं की सांगायचे, "एमबीए करतेय."

मी चिडले, तर म्हणाले, "एमबीए म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही!"

वर अट घातली. या सेशनमध्ये थिसिस जमा झाला नाही, तर गुपचूप एम. पी. नगरमध्ये बँकेच्या परीक्षेचं कोचिंग लावायचं. फॉर्मही आणून फ्रिजवर ठेवला. पाणी प्यायला गेलं की तो दिसायचाच.

*

माझे गाइड तिवारी सर. सतत बसून राहणं शरीराला किती घातक आहे, हे ते आम्हाला शिकवतात. खुर्चीत बसून!

एकदा त्यांचा मार्कर खाली पडला. सरांनी मार्करकडे पाहिलं, मग आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे आणि फरहानकडे, कारण वर्गात आम्ही दोघंच. म्हणाले, "फरहान बेटा, ज़रा दिखाओ, सही तरीके से झुकते कैसे हैं।"

तेव्हापासून दर लेक्चरला मार्कर पडतो.

*

थिसिससाठी मला साठीच्या पुढची तीस माणसं हवी होती. प्रत्येकानं दहा मीटर आपलं रोजच्यासारखं चालायचं, मी व्हिडिओ काढायचा. शाहपुऱ्याच्या तलावाकाठी सकाळी म्हातारी माणसं ढिगानं फिरत असतात. मला वाटलं, आठवड्यात काम फत्ते!

पण कॅमेरा दिसला की रोजच्यासारखं चालतंय कोण? एक काकू म्हणाल्या, "थांब गं, साडी चेंज करून येते." त्या दुसऱ्या दिवशी आल्या, मॅचिंग पर्स घेऊन. एका काकांनी तर छाती काढून, हात झुलवत असं काही संचलन केलं की मीच सावधान उभी राहिले.

सरांनी व्हिडिओ पाहिला आणि बाद केला. "ये चाल नहीं है, छब्बीस जनवरी है!"

*

त्यात भोपाळ म्हणजे रिटायर्ड साहेबांचं गाव. चालण्याआधी संमतीपत्रावर सही लागते. एका साहेबांनी ते वाचायला घरी नेलं. चार दिवसांनी परत आलं, तेव्हा समासात लिहिलेलं होतं, 'अवलोकित. कृपया चर्चा करें.'

गेले चर्चेला. चहा झाला, पोहे-जलेबी झाली, त्यांच्या तीन बदल्या झाल्या. शेवटी मी म्हटलं, "अंकल, तो फिर कल सुबह?"

"नहीं बेटा, चलना तो डॉक्टर ने मना किया है!"

*

रडतखडत एकोणतीस झाले. तिसावा मिळेना आणि शुक्रवारी व्हिडिओ पूर्ण करायची शेवटची तारीख. सर एकोणतिसांवर सही करणार नव्हते. फरहान म्हणाला, "यार, तू ही शॉल ओढ़ के चल ले." मी त्यावर खरंच पाच मिनिटं विचार केला, इतकी माझी वेळ आली होती.

शेवटी आई बाबांना म्हणाली, "अहो, तुम्हीच जा ना!"

"जातो की! मला काय धाड भरलीय?"

शुक्रवारी बाबा डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये हजर. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. सर दारात खुर्ची टाकून बसले होते. बाबा ताठ चालून आले, एकदम टकाटक.

"भाईसाहब, छब्बीस जनवरी," सर म्हणाले. "रोज जैसे चलते हैं, वैसे चलिए।"

बाबा पुन्हा चालले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. सरांनी माझी फाइल मिटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कॅमेऱ्यामागे ते लपलं असेल असं मला वाटलं. आता फ्रिजवरचा फॉर्म खाली येणार, दुसरं काय!

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "चालू आहे का ते अजून?"

"हो."

त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले. भिंतीला हात लावला आणि निघाले. उजवा गुडघा वाकतच नव्हता. प्रत्येक पावलाला ते थांबत होते, ओठ दाबत होते, मग पुढचं पाऊल टाकत होते. दहा मीटर संपता संपेनात.

सर खुर्चीतून उठले. चालत गेले, वाकले आणि बाबांचे बूट उचलून त्यांना नेऊन दिले.

बाबा भिंतीला टेकून श्वास घेत होते. "झाले तीस?"

"झाले, बाबा."

"बरं. हा व्हिडिओ आईला दाखवू नकोस."