काहून मावशी

आमच्या मावशीच्या तोंडी ‘काहून’, म्हणजे ‘का’, हा शब्द कायम मुक्कामाला असे. दूध पातळ आलं, काहून. पाऊस लांबला, काहून. मी गप्प बसले तरी काहून. मदन महलच्या आमच्या मोहल्ल्यातली हिंदीवाली पोरंसुद्धा तिला ‘काहून मावशी’ म्हणत.

बुद्धविहारात वंदना तीच सांगायची, आम्ही तिच्यामागून म्हणायचो. पुढे तिचा आवाज बसला, चेहरा सुजला आणि ऐन मे महिन्यात ती शाल पांघरू लागली. डॉक्टर म्हणाले, थायरॉइड आहे; शरीराची राखण करणारी फौजच गळ्यातल्या ग्रंथीवर उलटली आहे. तिचे यजमान, आमचे मौसाजी, तोफांच्या कारखान्यात असल्यामुळे हे तिला चटकन कळलं. “मतलब अपने ही जवान अपने पर गोली चला रहे? लेकिन काहून?” डॉक्टरांनी रोज उपाशीपोटी घ्यायची गोळी लिहून दिली.

मावशी ती चहाबरोबर घ्यायची, कारण चहा तिच्या लेखी खाण्यात मोडतच नव्हता. गुण येईना, तेव्हा तिने एकेक पदार्थ बंद करून अंगालाच विचारायला सुरुवात केली. पोळी सोडली, फरक पडला नाही, पोळी परत आली. तळण गेलं तेव्हा मौसाजीच जास्त हळहळले. चहा आणि सोयाबीनच्या वड्या गोळीपासून लांब ठेवल्या, तेव्हा मात्र अंगात जीव आला. संध्याकाळी ती मदन महल किल्ल्याच्या चढापर्यंत चालून यायची. मला हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं.

एकदा तिने गोळीलाच प्रश्न केला. “जेवण सांभाळून राहिली न मी? मग ही काहून?” आणि गोळी बंद. आवाज पुन्हा बसला. त्या बुद्धपौर्णिमेला ती विहारात मागे भिंतीला टेकून बसली होती आणि वंदना दुसरंच कोणी सांगत होतं. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन तिने गोळी पुन्हा सुरू केली. “जेवण गोळीची सोबतीण हाय, सवत नाही,” म्हणाली. पुढच्या पौर्णिमेला तिच्या जरा जाडसर झालेल्या आवाजामागे आम्ही सगळे वंदना म्हणत होतो.

बऱ्याच वर्षांनी माझ्या रिपोर्टात तोच आजार निघाला. मी तिला फोन केला. “मावशी, मलाच काहून?”

ती म्हणाली, “मलेही नाही समजलं, बेटा. विचारून विचारून थकली मी. चलो, गोळी घेत जा, आणि चहाची घाई नको करू.”

मावशी आता नाही. सकाळी गोळी घेऊन मी चहासाठी थांबते. तेवढ्या वेळात घरात कोणीच काहून म्हणत नाही.