गॅमापासून गॅमापर्यंत

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सरांनी माझा आलेख दोनदा परत केला. तिसऱ्यांदा चुकला तर प्रोजेक्ट दुसऱ्याला देईन, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी रागारागात राजुरीला घरी आले.

आलेख होता कार्बनच्या एका थराचा. त्यात अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोनात बसलेले असतात. उभ्या रेषेवर इलेक्ट्रॉनची ऊर्जा, आडव्या रेषेवर गॅमा, के, एम आणि पुन्हा गॅमा. हे इलेक्ट्रॉनच्या लाटेची दिशा आणि लांबी सांगणाऱ्या नकाशातले थांबे. 'के'पाशी वरची आणि खालची रेषा एकमेकींना टेकतात. माझ्याही टेकत होत्या, म्हणून तर चूक सापडत नव्हती.

वडील शेतांना पाईपलाईन टाकून देतात. चढ-उतार मोजायला त्यांच्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. येडगावच्या धरणाकडून निघून सगळे खुंट मोजून झाले की ते पहिल्या खुंटाशी परत येतात आणि पुन्हा उंची काढतात. आकडा जुळला नाही तर कितीही घाई असो, चर खणू देत नाहीत. गावात त्यावरून त्यांची चेष्टाही होते.

दुपारी जेवताना त्यांनी माझा कागद ओढून घेतला. तुम्हाला नाही कळायचं, असं मी फटकन बोलले. तरी ते हे काय, ते काय विचारतच राहिले. शेवटी मी वैतागून सांगितलं, गॅमापासून निघायचं, फिरून गॅमालाच यायचं, आणि वाटेतली ऊर्जा मांडत जायची.

त्यांनी वरच्या रेषेच्या डाव्या टोकावर बोट ठेवलं, मग उजव्या.

"निघाली ती जागा अन् पोचली ती जागा एकच ना?"

मी हो म्हटलं.

"मग हितं उंची कमी कशी भरली? तू परत आलीच न्हाई, बाय. आधीच थांबली."

मी जेवण सोडून आकडेमोड पुन्हा तपासली. 'एम'पासून परतताना मी पावलाचं अंतर कमी धरलं होतं. वाटेतच थांबले होते आणि तिथं खुशाल गॅमा लिहून टाकलं होतं. मला लाज वाटली, चुकीची थोडी आणि मघाच्या बोलण्याची जास्त.

सोमवारी सरांनी आलेख ठेवून घेतला. चूक कोणी दाखवली, विचारलं. मी म्हटलं, वडिलांनी. ते कुठल्या कॉलेजात शिकवतात, असं त्यांनी विचारलं. डिपार्टमेंटमध्ये दोन वर्षं मी वडिलांचा बिझनेस आहे एवढंच सांगत आले होते.

"शेतात पाईपलाईन टाकतात," मी म्हणाले.