आवाज मशीननं वाढवावा

लिंबाजीआप्पांना राग आला की ते माईकवर हात ठेवत. माईकचं तोंड तळहातानं झाकायचं, एक आवंढा गिळायचा आणि मगच बोलायचं. अंबडच्या आसपासच्या निम्म्या लग्नांत मांडवातला आवाज त्यांचाच असे, आणि तो चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "आवाज मशीननं वाढवावा भाऊ, गळ्यानं न्हाई," असं म्हणायचे.

माईकवरून त्यांनी कुणाची लाज काढली नाही. कुणी वाटेत गाडी आडवी लावली की म्हणायचे, "पांढऱ्या गाडीचे मालक, आचाऱ्याची भाजी तुमच्या गाडीमागं अडकलीय. तुमच्याच जेवणाला उशीर होऊन राह्यला." लोक हसत, मालकही हसत उठे. अक्षता पडायच्या आधीच जेवणाकडे सटकणाऱ्यांपाशी मात्र ते स्वतः जात आणि कानाशी बोलत. "चारचौघांत सांगितलं की माणूस ऐकत न्हाई, भांडतो."

माझ्या लेकीच्या, मनीषाच्या लग्नात माईक त्यांच्याच हाती होता. आमच्याकडे अक्षतांआधी नाव पुकारून पाहुण्यांना फेटा बांधतात. नवरदेवाच्या मामाचा मान त्यात मोठा. पण साखरपुड्यात त्या आष्टीच्या मामांनी आमच्या वरणाला 'हात धुतलेलं पाणी' म्हटलं होतं. मी तेव्हा काही बोललो नाही. मी बोलत नाहीच; साठवतो. लग्नाच्या सकाळी आप्पांना म्हणालो, "मामांचं नाव राहू द्या."

"भाऊ, मामाचं नाव राहतं कसं? अक्षता पडताना नवरदेवामागं तोच उभा राहतो."

"मी सांगतो तसं करा."

त्यांनी तसं केलं. फेटे बांधून संपले. मामा तरातरा आले आणि त्यांनी आप्पांच्या हातातला माईक हिसकावला. "कोण रे तू, भाड्याचा भोंगा? आमचा मान खातो? चला रे, गाड्या काढा!" सगळ्या मांडवानं ऐकलं. वऱ्हाडातली माणसं खरंच उठू लागली. मनीषा मुंडावळ्या बांधून दाराशी उभी होती.

सवयीनं आप्पांचा हात माईककडे गेला, पण माईक मामांकडे. मग त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला आणि आवंढा गिळला. "चुकलं मामासाहेब. हा माझ्या डोक्यावरचा घ्या," म्हणत आपला फेटा उतरवून पुढे केला. मामांनी तो झिडकारला. फेटा खाली पडून सुटला. आप्पा वाकले, धूळ झटकली आणि घडी घालू लागले.

या सगळ्यात त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. नुसतं पाहिलं असतं तरी मांडवाला सगळं कळलं असतं. त्यांचं ते न पाहणंच मला सोसलं नाही.

मी मामांकडून माईक मागून घेतला. "चूक आप्पांची न्हाई." माझा आवाज चिरकला. आप्पांनी घडी सोडून मशीनवरचा आवाज थोडा उतरवला, मला सावरून घेतलं. "मीच म्हणालो नाव घेऊ नका. वरणाचा राग होता. आप्पांनी बजावलं होतं, मी ऐकलं न्हाई. मामा, माफ करा."



"वरण?" मामा माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, तवाच तोंडावर सांगायचं ना! मी तर बिलकुल विसरून गेल्तो."

"आम्ही न्हाई विसरलो," वऱ्हाडातली एक म्हातारी मागून म्हणाली. "पाणीच होतं ते."

सगळा मांडव हसला. मामाही हसले. हसता हसता थांबले आणि आप्पांच्या हातातला फेटा घेतला. "बसा आप्पा. आधी तुमचा." आणि स्वतःच्या हातानं बांधला. मग आप्पांनी माईक घेऊन मामांचं नाव असं पुकारलं की रस्त्यावरची माणसंही आत डोकावली.

अक्षता पडताना नवरदेवामागं मामा फेटा बांधून उभे होते. शेवटचं 'सावधान' झालं. वाजंत्र्यांना एरवी हातानं खुणावणारे आप्पा "वाजवा रे!" म्हणून असे गळा फाडून ओरडले, की भोंग्यानं लांबलचक शिट्टी मारली.

मी त्यांच्याकडे पाहिलं. या खेपेला त्यांनीही माझ्याकडे पाहिलं.