घरमालकाला घर दाखवणारे हिराजीशेठ

घर शोधणाऱ्याला घर दाखवतो तो एजंट, असं आपण समजतो. उरणचे हिराजीशेठ उलटं करायचे. ते आधी घरमालकाला भाडेकरूचं घर दाखवायचे. म्हणजे तो आज जिथे कुठे राहतोय ते. मालकाला नाही म्हणायचंच असेल तर तिथे जाऊन म्हणावं, एवढाच त्यांचा हट्ट.

हे सगळ्यांसाठी नव्हे. बंदरातल्या साहेबांना ते चारचौघा एजंटांसारखेच फ्लॅट दाखवायचे आणि दलाली सोडायचे नाहीत. पण ज्याला दारोदार नकार मिळालेत, त्याच्यासाठी मालकाला मोटारसायकलवर बसवून निघायचे. बरेच मालक पुन्हा त्यांच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. "गेले त्ये गेले," म्हणत शेठ कानाची पाळी चोळायचे.

आई गेल्यावर घरामागच्या तिच्या दोन खोल्या भाड्याने द्यायला मी त्यांच्याकडे गेले. मी शाळेत शिकवते, त्यामुळे अटी मुद्देसूद लिहून नेल्या होत्या: नोकरदार, छोटं कुटुंब, शाकाहारी. शेठनी कागद वाचून चष्मा काढला.

"बाई, उरनान ऱ्हाऊन शाकाहारी मागताव? मंग खोलीन देव बसवा." मग म्हणाले, "चावी पिशवीन ठेवा. पयले माझ्यासंगती चला."

बंद पडलेल्या मिठागरात राखणदाराची पत्र्याची खोपी होती. तिथे सुगंधा, तिचा नवरा आणि दोन मुली राहत होत्या. कंटेनर यार्डात नवऱ्याचा हात चिरडला, नोकरी गेली आणि नोकरीबरोबर मिळालेली खोलीही गेली. सुगंधा कोळंबी सोलून घर चालवत होती. लुळ्या हाताचा माणूस बघून पाच मालकांनी नकार दिला होता. आता मिठागरावर भराव पडणार होता. सोमवारी डंपर येणार होते. सामानाची गाठोडी बांधून तयार होती, फक्त ती न्यायची कुठे हे ठरायचं होतं.

माझा नकार मी वाटेतच जुळवून ठेवला होता. खोपीला दार नव्हतं. उंबऱ्याच्या जागी गोणपाटाची घडी, शेजारी ओळीत लावलेल्या चपला. मी आत जाऊन चटईवर बसले. सुगंधाने घासून लखलखीत केलेल्या पेल्यात पाणी दिलं.

"त्या माझ्या आईच्या खोल्या आहेत," मी म्हणाले. जणू एवढं सांगितलं की काम झालं. आजही ते आठवलं की लाज वाटते.

"जपीन मी, बाई," ती म्हणाली.

परतताना बांधावर शेठ सहज बोलले, "बाई, तुमी चपला काढल्या."

"मग? कुणाच्या घरात चपला घालून..." म्हणता म्हणता मीच थांबले. शेठ नुसती कानाची पाळी चोळत राहिले.

रविवारी गाठोडी माझ्याकडे आली. करार शेठनी सुगंधाच्या नावाने केला. "घर ती चालवते, तर कागुद पन तिचाच." सरकारी घरांचे अर्ज निघाले की दर वेळी ते तिला दुकानात बोलावून अर्ज भरायला लावायचे. नंबर लागला नाही की तिच्याआधी मीच चिडायचे. शेठ म्हणायचे, "न्हाय लागला असा नको बोलू. अजून न्हाय लागला."

गेल्या वर्षी शेठ गेले. त्यानंतर तीन महिन्यांनी सुगंधाचा नंबर लागला. ज्यांना हे पहिल्यांदा सांगायचं, तेच नव्हते. आम्ही दोघी त्या दिवशी पोटभर रडलो.

सामान हलवल्यावर ती चावी द्यायला आली. खोटं कशाला बोलू, खोल्यांना रंग काढून या वेळी चांगलं भाडं घ्यायचं माझ्या मनात होतं. अटींचा नवा कागदही लिहून झाला होता. तो टेबलावरच होता. सुगंधाने वाचला आणि पेपरवेटखाली नीट ठेवला.

"चला बाई."

"कुठे?"

"बंदराच्या रस्त्याला, पुलाखाली. एक बाई हाय, दोन पोरं हायेत. शेठ असते तर त्यांनीच नेलं असतं तुमाला."

पुलाखाली तिन्ही बाजूंनी निळं प्लास्टिक बांधलेलं होतं. चौथ्या बाजूला गोणपाटाची घडी. कंटेनरच्या गाड्या डोक्यावरून धडधडत होत्या. आतली बाई घाईने उठून चटई झटकू लागली.

सुगंधाने चपला काढल्या आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी माझ्या काढून तिच्या चपलांशेजारी ठेवल्या.