मोरीत ओतलेली रासबेरी

अन्याय झाला तो भांडुपच्या आमच्या चाळीत, अकरा नंबरच्या खोलीत राहणाऱ्या काकांवर. होळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सव्वादहा वाजता. करणारे आम्ही पाच जण, आणि त्याचा मजकूर लिहिणारी मी. नावं घालत नाही, कारण काकांनी तेवढी एकच अट घातली आहे. वेळ मात्र लिहिते. ती लपवायचा मला हक्क नाही.

काका मालवणकडचे. वीसेक वर्षं एका बियरच्या कारखान्यात टाक्यांवर होते, म्हणजे जिथे बियर आंबत ठेवतात तिथे. कारखाना बंद पडला आणि काका गॅलरीतल्या खुर्चीवर येऊन बसले. चाळीत त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जायची: माणसाने बियरमध्ये जन्म काढला, पण कधी पाय अडखळलेला दिसला नाही. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले होते. तरीही लिहिलं.

दारू म्हटलं की मला एकच वास ठाऊक होता, माझ्या बाबांच्या शर्टाचा. त्या वासाशी भांडायचं म्हणून मी दारूबंदी मंडळात गेले. टेकडीच्या उतारावरच्या दोन हातभट्ट्या आम्ही बंद पाडल्या, त्याची मला आजही लाज वाटत नाही. पुन्हा पाडीन. लाज वाटते ती आमच्या पद्धतीची. आधी वास, मग पत्रक, मग धाड. धाडीच्या आधी पत्रक वाटायचं, म्हणजे मागाहून कुणी दडपादडपी करू शकत नाही, असं आमच्या ताईंचं म्हणणं. ताई म्हणजे मंडळाच्या अध्यक्षा. आणि ओळखीचा माणूस असेल तर त्याला आधी काहीच विचारायचं नाही, कारण विचारायला गेलं की चहा होतो आणि चहा झाला की मंडळ ढिलं पडतं. हा नियम माझा. मी फार अभिमानाने मांडला होता तो.

अकरा नंबरच्या दारातून आंबूस वास येतो, असं कुणीतरी सांगितलं. शनिवारी दुपारी मी पत्रक लिहिलं. पिवळा कागद, वर ठळक मथळा: 'अकरा नंबरमध्ये विष विकलं जातं!' पुढे काय काय लिहिलं ते इथे पुन्हा लिहीत नाही. चांगलं लिहिलं होतं, एवढंच सांगते. तेच वाईट झालं.

रविवारी काकूंनी दार उघडलं. काकू वाईच्या बाजूच्या. त्यांच्या हाताचं मी शाळेत असल्यापासून खात आले. त्या हसून "ये गं" म्हणाल्या, तोवर ताई आत शिरल्या होत्या. मोरीजवळ मोठं पातेलं होतं, त्यात भिजलेला गहू. आंबूस वास तिथूनच येत होता.

"सापडलं! ओता!" ताई म्हणाल्या.

"आवं, कुरडयांचा गहू हाय त्यो! तीन दिस भिजवलाय!"

"सगळे असंच म्हणतात."

कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतो आणि आंबतो, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. फाल्गुन-चैत्रात प्रत्येक मजल्यावर हाच वास असतो. तरीही पातेलं मोरीत उपडं झालं. आमच्यातला माझा मित्र म्हणाला, "बघ ना यार, भट्टी शोधायला आलो आणि वाळवण बुडवलं." कुणी हसलं नाही.

आणि मग मोरीच्या कोपऱ्यात ओलं गोणपाट दिसलं. त्याखाली काचेच्या दोन मोठ्या बरण्या होत्या. झाकणातून बारीक नळी निघून पाण्याच्या पेल्यात सोडलेली. बरणीतला रंग मी तोवर फक्त इराण्याच्या हॉटेलातल्या रासबेरी सोड्यात बघितला होता. पण तो रंग ओरडतो, हा गप्प होता. गढूळ, खोल, आतून उजेड असल्यासारखा. मी बघतच राहिले. पेल्यातल्या पाण्यात नळीच्या टोकाशी एक बुडबुडा फुटला. बऱ्याच वेळाने दुसरा. जिवंत काहीतरी झोपेत श्वास घेतंय असं वाटलं.

काका दारात आले. ओरडले नाहीत. ताईंनी बरणीला हात घातला तेव्हा एवढंच म्हणाले, "हलवू नकात. गाळ उठतलो."

लोक दारू ओतायला आलेत आणि माणूस गाळ उठेल म्हणून काळजी करतोय! त्याच क्षणी मला थांबायला हवं होतं. नाही थांबले. दुसरी बरणी मीच उचलली. जड होती. तिरकी केली आणि मोरीभर गुलाबी फेस झाला, आणि तो वास आला.

तो बाबांच्या शर्टाचा वास नव्हता. त्याच्या जवळपासचाही नव्हता. पिकलेली वेलची केळी, कुठेतरी लवंग, गरम पाव, आणि त्या सगळ्यावर एक आंबट, लाल, रानातला वास, ज्याला माझ्याकडे शब्द नव्हता. मंडळाचे लोक जिना उतरून गेले. मी मोरीशी उभीच राहिले.

"आता हुबी का?" काकू म्हणाल्या. "बस खाली आन् गहू निवड. मोरीत सांडलेला एकेक दाणा उचल."

मी बसले. तो गहू आता कुरडयांच्या कामाचा नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तरी दाणे उचलत राहिले, आणि काकू सांगत राहिल्या.

साकीनाक्याला एक सोडा बनवणारा शेट आहे. रासबेरी सोडा हा त्याचा मुख्य माल. त्याला छोटीशी बियर फॅक्टरी काढायची होती, लायसनचे कागद पुढे सरकले होते. बाजारात सगळ्यांची बियर पिवळी आणि सारखी, मला माझ्या रासबेरीला शोभेल अशी करून दाखव, असं त्याने काकांना सांगितलं. जमली तर टाक्या तुझ्या ताब्यात. काकांनी गव्हाची करायचं ठरवलं. काकूंनी गव्हाला मोड आणले, गच्चीवर सगळ्यांच्या पापडांशेजारी वाळत घातले, आणि विचारणाऱ्यांना सांगितलं की लेकीच्या बाळासाठी सत्त्व करतेय. यीस्ट काकांच्या जुन्या सोबत्याने आणून दिलं. कडूपणासाठी लागणारी वाळकी फुलं वैद्याच्या औषधासारखी पुडीत बांधून आली. आणि फळं पाठवली काकूंच्या भावाने. तो पाचगणीजवळ एका मळ्यात कामाला आहे.

"म्हणजे रासबेरी हे खरंच फळ आहे?" मी विचारलं.

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा खाली मान घालून दाणे वेचायला लागले.

घरी बियर करणं कायद्यात बसत नाही. ते काकांनाही ठाऊक होतं. पण त्यांनी एक थेंब विकला नव्हता. विकायला होतंच काय, दोन बरण्या! शेट त्याच दिवशी चार वाजता चव घ्यायला येणार होता.

काका गॅलरीत गेले आणि पाण्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक बाटली वर काढली. नमुना म्हणून वेगळी भरून ठेवलेली, एकच. तिच्याकडे उजेडात धरून बघितलं आणि पुन्हा पाण्यात सोडली. "ही आसा," म्हणाले. "पुरे होईत."

माझा जीव भांड्यात पडला. एक बाटली आहे. शेट चव घेईल. मी केलेलं भरून निघेल.

चार वाजता आम्ही तिघं गॅलरीत उभे होतो. शेट आला. फाटकाशी माझा मित्र उरलेली पत्रकं वाटत होता. मी हाक मारायला तोंड उघडलं, तोवर पिवळा कागद शेटच्या हातात गेला होता. त्याने तो उभ्या उभ्या वाचला. मान वर करून अकरा नंबरकडे बघितलं. कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि स्कूटर वळवली.

माझ्याच अक्षरातला कागद. मथळा तर मी दोनदा गिरवून ठळक केला होता.

काकांनी बाटली पुन्हा वर काढली, पंच्याने पुसली आणि आत जाऊन बसले.

"ये गो चेडवा," मला म्हणाले. "लिवलंस तां वाचलंय मी. न चाखता लिवलंस. आता चाखून बघ."

"काका, मी पीत नाही."

"पिऊक कोण सांगता? चाख."

काकूंनी स्टीलचा पेला पुढे केला. काकांनी तो बाजूला सारला. घरात काचेचा एकच ग्लास होता, तो त्यांनी थंड पाण्याने विसळला आणि न पुसता तसाच घेतला. बूच निघालं तेव्हा आवाज अगदी लहान आला. ग्लास तिरका धरून त्यांनी त्याच्या आतल्या भिंतीवरून ओतायला सुरुवात केली, सावकाश, एखाद्याला उठवायचं नाही अशा बेताने. थोडी राखून ठेवली, मग बाटली मनगटाने गोल फिरवली आणि तळातलं सगळं वर ओतलं.

"सकाळी तर गाळ उठेल म्हणालात."

"बरणीत गाळ बसाक होयो. गिलासात तो येवक होयो. तेतूच तर सगळा आसा."

वर बोटभर फेस उभा राहिला. गुलाबी नाही, पांढऱ्यात किंचित गुलाबाची छटा. खाली ढगाळ लाल, आणि त्या ढगातून बारीक बुडबुडे वर येत होते, थांबत नव्हते. खोलीत तोच वास पसरला. सकाळी मोरीत गेला होता तो.

मी घोट घेतला.

गोड लागेल म्हणून मी वाट बघत होते. रासबेरी म्हणजे गोड, हे इराण्याच्या बाटलीने शिकवलं होतं. गोड आलंच नाही. आधी आंबट आलं. कोकमाचं नाही, चिंचेचं नाही, पिकायला टेकलेलं करवंद दाताखाली फुटावं तसं. ते जिभेच्या कडांनी धावलं आणि मागून गहू आला. हो, गहू! काकूंच्या पिठाच्या डब्याचा, गरम पावाचा. मग केळं आणि लवंग, अगदी दुरून. घोट घशाखाली गेला, तोंड कोरडं, स्वच्छ झालं, आणि मला वाटलं संपलं. तेव्हा ते फळ परत आलं, नाकातून, श्वासाबरोबर. जे फळ मी आयुष्यात बघितलं नव्हतं ते मला ओळखू आलं. शेवटी कडूपणाची एक बारीक रेघ उरली, एवढीच.

सभेत माझ्या हातातून माईक काढून घ्यावा लागतो. त्या दिवशी मी बोलायचं सोडून ग्लास पुन्हा नाकाशी नेला.

"केळं आणि लवंग घातलीत ना?" शेवटी विचारलं.

"नाय गो. केळा नाय, लवंग नाय. तां यीस्टाचा काम. गरमी जरा चढली तर फक्त केळा येता, उतारली तर लवंग. म्हणान तां गोणपाट. दर दोन तासांनी भिजवूचा लागता."

दर दोन तासांनी, तीन आठवडे! पंखासुद्धा धड फिरत नाही त्या खोलीत, भांडुपच्या उन्हात, या माणसाने एका ओल्या गोणपाटाने केळं आणि लवंग यांच्यामधली रेघ धरून ठेवली होती. काकू म्हणाल्या, "बुडबुडं मोजायचे. एक फुटला की दुसरा फुटंतोवर आकडे म्हनायचे. मला म्हनायचे, वाईच गप ऱ्हा, ती बोलतीया."

मी अर्धा ग्लास प्यायले. बाबा आठवतील अशी भीती होती. नाही आठवले. आठवला तो मोरीतला फेस. दोन बरण्या भरून हे होतं, आणि एक मी माझ्या हातांनी ओतली होती. जग आपल्याला ठाऊक आहे त्यापेक्षा मोठं आहे असं वाटायला लावणारी वस्तू आमच्याच मजल्यावर तयार होत होती, आणि मी तिला नाव दिलं विष.

ग्लास खाली ठेवला तेव्हा काकांनी विचारलं, "कशी?"

आजवर कुणी मला इतकं भीत भीत काही विचारलं नव्हतं. वीस वर्षं टाक्यांवर काढलेला माणूस माझ्यासारखीला विचारत होता, कारण चव घेणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"काका, मी असं काही कधी चाखलं नाही," मी म्हटलं. ते मान डोलावून उरलेली बियर काकूंकडे घेऊन गेले. काकूंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि दुसरा घेतला.

दुसऱ्या दिवशी मी साकीनाक्याला शेटकडे गेले. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि खिशातून तीच घडी काढली. "बेन, माझं लायसन अजून कागदावर आहे. हा पण कागदच आहे. हा त्याची वाट लावेल. ज्यांनी ज्यांनी हा वाचला त्यांनी लिहून द्यावं की खोटा आहे, मग पाठव तुझ्या काकांना." मी माफीचं पत्रक काढलं, त्याच पिवळ्या कागदावर. शेट म्हणाला, हे तू लिहिलंस, ते पण तूच लिहिलेलं. वाचणाऱ्यांचं काय?

बरोबर बोलला तो. काका सध्या मुलुंडला एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभे राहतात. लायसन आलं आहे. टाक्या बसताहेत. त्या टाक्यांवर अजून कुणी नेमलेलं नाही.

म्हणून हे तुमच्यासाठी. भांडुपच्या आमच्या रस्त्यावर, स्टेशनबाहेर, बाजारात त्या रविवारी तुम्ही तो पिवळा कागद घेतला असेल, तर तो अजून घरात कुठेतरी असेल. फळीवर, डब्याच्या तळाशी, पोराच्या वहीच्या कव्हरात. शोधा. तो उलटा करा. मागच्या कोऱ्या बाजूला लिहा: अकरा नंबरमध्ये विष नव्हतं, तिथे काही विकलं जात नव्हतं, मी न विचारता विश्वास ठेवला. खाली सही करा. आणि चाळीच्या जिन्याखाली मी एक डबा ठेवला आहे, त्यात आणून टाका. मी न चाखता लिहिलं, तुम्ही न विचारता वाचलंत. माझी सही त्या डब्यात सगळ्यांत आधी पडली आहे. आता तुमची आणा.